एका पल्स जनरेटरवर प्रत्येक चॅनलची फ्रिक्वेन्सी वेगळी: जमतं का?

निळी_लहर

नमस्कार मंडळी. दोन दिवस डोकं खाजवून झालं, मॅन्युअल दोनदा चाळून झालं, शेवटी धागा काढतेय.

प्रयोगशाळेत आठ चॅनलचा एक डिजिटल डिले/पल्स जनरेटर आहे. माझ्याआधी जो तो वापरायचा तो शिकून बाहेर पडला आणि ज्ञानही सोबत घेऊन गेला. मला हवंय ते असं: फ्लॅशलॅम्पवाला एनडी-याग लेसर १० हर्ट्झला, कॅमेरा २५ हर्ट्झला आणि लेसरच्या वाटेतलं यांत्रिक शटर १ हर्ट्झला. नमुन्यावर सेकंदाला एकच लेसर पल्स पडावा, म्हणून ते शटर. आधी कॅमेरा त्याच्या स्वतःच्या घड्याळावर चालवत होते. पण काही वेळ चित्रं उजळ यायची, मग हळूहळू काळी पडत जायची, मग पुन्हा उजळायची.

अडचण ही की कुठल्याही चॅनलच्या मेनूत गेलं तरी डिले, रुंदी, पोलॅरिटी आणि व्होल्टेज एवढंच दिसतं. फ्रिक्वेन्सी फक्त मुख्य मेनूत आहे, सगळ्यांना मिळून एकच. ती १० केली की कॅमेराही १०ला धावतो. एका चॅनलमध्ये 'ड्यूटी सायकल' दिसलं म्हणून आशेने उघडलं, तर तिथे टक्के नाहीतच, दोन पूर्णांक विचारतो. यंत्र बिघडलंय की मी?

टिकटिक

दोघंही ठणठणीत आहात. तो डबा म्हणजे आठ सिग्नल जनरेटर नव्हेत. आत घड्याळ एकच आहे. ते ठरावीक काळाने एक ठोका देतं, त्याला टी-शून्य म्हणतात. प्रत्येक चॅनलचं काम एवढंच: ठोका ऐकला की इतका वेळ थांब, मग इतका वेळ वर राहा, मग खाली ये. म्हणून चॅनलपाशी डिले आणि रुंदी आहे, फ्रिक्वेन्सी नाही.

जुनाट_स्कोप

आणि तुम्हाला जे हवंय ते त्या 'ड्यूटी सायकल'मध्येच आहे. नाव फसवं आहे, मीही पहिल्यांदा फसलो होतो. पीडब्ल्यूएमच्या (पल्सची रुंदी कमी-जास्त करण्याच्या पद्धतीच्या) टक्केवारीशी त्याचा काही संबंध नाही. पहिला पूर्णांक म्हणजे किती ठोक्यांना पल्स द्यायचा, दुसरा म्हणजे त्यानंतर किती ठोके गप्प बसायचं. १ आणि १ दिलं तर एकाआड एक पल्स, म्हणजे निम्मी फ्रिक्वेन्सी. १ आणि ४ दिलं तर पाचातला एक.

तेव्हा "या चॅनलची फ्रिक्वेन्सी किती ठेवू" हा प्रश्नच मनातून काढून टाका. या यंत्राला विचारायचा प्रश्न आहे, "या चॅनलने कोणते ठोके गाळायचे?" एकदा हे डोक्यात बसलं की बाकी सगळं शाळेतलं गणित.

शून्यपूर्णांक

शाळेतलं गणित म्हणजे लसावि! इतक्या वर्षांनी कुणीतरी लसाविची आठवण काढली.

१०, २५ आणि १ यांचा लसावि ५०. टी-शून्य ५० हर्ट्झला ठेवा, म्हणजे पीरियड २० मिलिसेकंद. लेसरचा चॅनल पाचाने भागा (१ चालू, ४ बंद), कॅमेरा दोनाने (१ चालू, १ बंद), शटर पन्नासाने (१ चालू, ४९ बंद). झालं.

जोडीला मसाविही काढून ठेवा, तो सांगतो दोन चॅनल सेकंदातून किती वेळा समेवर येतात. १० आणि २५चा मसावि ५, म्हणजे लेसर आणि कॅमेरा सेकंदाला पाचदाच एकत्र वाजतील.

निळी_लहर

अरे वा! आत्ता करून बघते. पण थांबा, पाचदाच? लेसर तर दहा वेळा उडतो. मग उरलेले पाच?

शून्यपूर्णांक

कागदावर मांडा. लेसर ०, १००, २०० मिलिसेकंदाला. कॅमेरा ०, ४०, ८०, १२०, १६०, २००ला. शंभराव्या मिलिसेकंदाचा पल्स ८० आणि १२० यांच्या बरोब्बर मध्ये पडतो. तुमचं एक्स्पोजर २० मिलिसेकंदांहून लांब नसेल तर एकाआड एक लेसर पल्स कॅमेऱ्याला दिसणारच नाही.

निळी_लहर

एक्स्पोजर ३ मिलिसेकंद आहे. म्हणजे हे असं लावलं असतं तर निम्मी चित्रं का काळी म्हणून आणखी दोन दिवस गेले असते. २५ हा आकडा माझ्या डोक्यात आला तो फक्त कॅमेऱ्याच्या मेनूत आधीपासून होता म्हणून. दुसरं काही कारण नाही.

अर्धवाहक

एवढा खटाटोप कशाला? आर्डुइनो घ्या, तो छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. त्यातल्या ऊनोवर तीन टायमर आहेत, तीन टायमर तीन फ्रिक्वेन्सी. पाच ओळींचा कोड.

टिकटिक

पाच ओळी लिहून बघितल्या आहेत का? ऊनोवर १६ बिटांचा टायमर एकच, टायमर१. टायमर० आणि टायमर२ आठ बिटांचे. १६ मेगाहर्ट्झला सगळ्यात मोठ्या प्रीस्केलरने (घड्याळाचा वेग भागणाऱ्या आकड्याने), म्हणजे १०२४ने, भागलं आणि २५६पर्यंत मोजलं तरी ६१ हर्ट्झच्या खाली इंटरप्ट, म्हणजे टायमरची प्रोसेसरला हाक, येत नाही. आणि टायमर०वर मिलिसेकंद मोजणारं फंक्शन अवलंबून असतं, त्याला हात लावला की सगळे डिले बिघडतात.

अर्धवाहक

बरं, मग आर्डुइनो मेगा घ्या. त्यावर १६ बिटांचे चार टायमर आहेत. आता बोला.

टिकटिक

बोलतो. प्रीस्केलर ६४ धरा. १६ मेगाहर्ट्झ भागिले ६४ म्हणजे सेकंदाला २,५०,००० टिक. लेसर १० हर्ट्झ, २५,००० टिक, पूर्ण भाग गेला. समजा कॅमेरा ३० हर्ट्झ हवा. आले ८,३३३.३३. टायमरला अपूर्णांक कळत नाही, तुम्ही ८,३३३ भरणार. कॅमेऱ्याच्या तीन फेऱ्या झाल्या २४,९९९ टिकच्या आणि लेसरची एक फेरी २५,०००ची. एक टिक ४ मायक्रोसेकंदांचा. म्हणजे दर फेरीला ४, दर सेकंदाला ४० मायक्रोसेकंद दोघं एकमेकांपासून सरकणार. पंचवीस सेकंदांत १ मिलिसेकंद. त्यांचं एक्स्पोजर ३ मिलिसेकंदांचं आहे. सव्वा मिनिटाच्या आत लेसर एक्स्पोजरच्या या टोकापासून त्या टोकाबाहेर.

आणि हा एकाच क्रिस्टलवरचा हिशोब आहे. दोन वेगळी यंत्रं असती तर त्यांच्या क्रिस्टलमधला फरक वर. ५० पीपीएम (दहा लाखांत ५०) फरक म्हणजे सेकंदाला ५० मायक्रोसेकंद. निळी_लहर यांची चित्रं उजळायची आणि काळी पडायची ती याच सरकण्यामुळे.

अर्धवाहक

हं. हे मान्य. मग एकच टायमर ३० हर्ट्झला चालवून इंटरप्टच्या आत मोजत बसायचं, दर तिसऱ्या वेळी लेसरची पिन वर करायची. सरकणार नाही.

टिकटिक

अगदी बरोबर. आणि गंमत बघा, तुम्ही आत्ता त्यांच्याच डब्याची रचना हाताने लिहिलीत. एक ठोका आणि मोजणारे काउंटर. फरक एवढाच की इंटरप्टला पोचायला काही मायक्रोसेकंद लागतात आणि मध्येच दुसरा इंटरप्ट चालू असेल तर ती वेळ हलते. शटरला चालेल. क्यू-स्विचला, म्हणजे लेसरमध्ये साठलेली ऊर्जा एका झटक्यात सोडणाऱ्या दाराला, मी असला हलता ट्रिगर देणार नाही.

तिसरी_कला

थोडं विषयांतर, पण याच अडचणीत मीही सापडलो होतो, मोटार आणि एलईडीच्या बाबतीत. बहुतेक चिपची कहाणी हीच. एसटीएम३२च्या एका टायमरला चार चॅनल असतात, पण पीरियडचं रजिस्टर एकच. चारही चॅनलची रुंदी वेगळी ठेवता येते, फ्रिक्वेन्सी नाही. पीसीए९६८५ला सोळा आउटपुट, पण सगळी एकाच फ्रिक्वेन्सीवर. पिकोच्या आरपी२०४०वर पीडब्ल्यूएमचे आठ स्लाइस, प्रत्येक स्लाइसची दोन आउटपुट एकाच फ्रिक्वेन्सीला बांधलेली. 'सोळा चॅनल' वाचून घेतलं आणि मग कपाळावर हात मारला.

एसटीएम३२वर एक पळवाट आहे: टायमर मोकळा धावू द्यायचा, आउटपुट टॉगल मोडमध्ये ठेवायचं आणि प्रत्येक इंटरप्टला त्या चॅनलच्या तुलना-रजिस्टरमध्ये पुढचा आकडा मिळवायचा. कड हार्डवेअर देतं, त्यामुळे इंटरप्ट थोडा उशिरा आला तरी कड वेळेवर पडते. चार चॅनलना चार फ्रिक्वेन्सी मिळतात. फक्त फ्रिक्वेन्सी फार वर नेली की प्रोसेसर बेरजा करण्यातच गुंततो.

जुनाट_स्कोप

छान माहिती, पण मूळ प्रश्नाकडे येऊ. निळी_लहर, २५चा आग्रह नसेल तर ३० घ्या. १०, ३० आणि १चा लसावि ३०. कॅमेरा प्रत्येक ठोक्याला, लेसर दर तिसऱ्याला, शटर दर तिसाव्याला. लेसरच्या प्रत्येक पल्सला कॅमेऱ्याचं एक चित्र हमखास, आणि मधली दोन चित्रं पार्श्वभूमी वजा करायला फुकटात.

आणखी एक फायदा सांगतो, तो तुमच्या लक्षात आलेला नसणार. शटरच्या पल्सची रुंदी किती ठेवता?

निळी_लहर

३० मिलिसेकंद. शटर पूर्ण उघडायलाच ८ लागतात.

जुनाट_स्कोप

तेच म्हणत होतो. ५० हर्ट्झच्या ठोक्यात पीरियड २० मिलिसेकंदांचा. त्यात ३०चा पल्स बसत नाही. चॅनलला पन्नासाने भागलं असलं तरी पुष्कळ यंत्रं डिले अधिक रुंदी ही टी-शून्यच्या पीरियडशीच ताडून बघतात. काही एरर देतात, काही मुकाट्याने मधले ठोके गाळतात. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं.

३० हर्ट्झला पीरियड ३३.३३ मिलिसेकंद. ३०चा पल्स बसतो. थोडक्यात, पण बसतो.

फेम्टो_फिरस्ता

माझं मत वेगळं. शटर काढूनच टाका. लॅम्प तीनाने भागा, क्यू-स्विच तिसाने. लॅम्प १० हर्ट्झला तापत राहील, क्यू-स्विच सेकंदातून एकदाच उघडेल, नमुन्यावर सेकंदाला एकच पल्स. यांत्रिक भाग एक कमी, रुंदीची भानगडही संपली.

निळी_लहर

हे मी मार्गदर्शकांना विचारलं. ते नको म्हणाले. पल्स रोज दहा वेळा निघाला की लेसरचा रॉड एका तापमानाला स्थिरावतो. नऊ वेळा ऊर्जा आतच ठेवली तर उष्णतेचा तोल बदलतो आणि पल्सची ऊर्जा वेगळी येते. आमची सगळी मोजमापं १० हर्ट्झच्या ऊर्जेवर आहेत.

(वर "रोज दहा वेळा" लिहिलंय. सेकंदाला दहा वेळा. रोज दहा पल्समध्ये पीएचडी व्हायला जन्म जाईल.)

फेम्टो_फिरस्ता

पटलं. लॅम्पवाल्या यागचा ठोका बदलायचा नाही, हे तर खरंच. १०साठी घडवलेल्या लेसरला १५ दिलं की रॉडचं थर्मल लेन्सिंग (तापल्यामुळे रॉडने भिंगासारखं वागणं) बदलतं आणि बीमचा आकार बिघडतो. शटर ठेवा.

आमच्याकडे उलटं आहे. ऑसिलेटर ८० मेगाहर्ट्झच्या आसपास धावतो, त्याला भागून अॅम्प्लिफायर १ किलोहर्ट्झला, ते भागून चॉपर (प्रकाश अडवत-सोडत फिरणारी चकती) ५००ला, कॅमेरा आणखी खाली. डबा स्वतःचं घड्याळ वापरतच नाही, बाहेरच्या ट्रिगरवर चालतो. एक नियम मनात पक्का ठेवलाय: भागता येतं, गुणता येत नाही. सगळ्यात वेगवान सिग्नलला मालक करा. १० हर्ट्झला मालक केलं आणि मग ३० हवे झाले, तर ते फेज-लॉक्ड लूप (सिग्नलशी जुळवून त्याची पट काढणारं सर्किट) नाहीतर बर्स्टशिवाय कुठून आणणार?

बर्स्ट म्हणजे एका ठोक्याला तीन पल्स ३३.३३ मिलिसेकंदांच्या अंतराने. काही यंत्रांत चॅनलला ती सोय असते. पण मालक जरा लवकर ठोकला की तिसरा पल्स आणि पुढचा ठोका यांतलं अंतर कमी पडतं.

टिकटिक

सगळीच यंत्रं 'चालू-बंद' पद्धतीची नसतात हेही सांगून ठेवावं. स्टॅनफर्ड रिसर्चच्या डीजी६४५मध्ये ट्रिगरच्या प्रगत मोडमध्ये आउटपुटच्या प्रत्येक जोडीला प्रीस्केलचा आकडा देता येतो, शिवाय फेजचा आकडा वेगळा. तिथे ३ म्हणजे तिसरा भाग, सरळ. 'चालू-बंद'मध्ये ३ने भागायचं तर १ आणि २ लिहायचं असतं. या दोन पद्धतींत एकाची चूक हमखास होते.

निळी_लहर

झालीच! आत्ता सगळं लावलं आणि लेसरचा चॅनल ७.५ हर्ट्झ दाखवतोय. १ आणि ३ लिहिलं होतं. ३० भागिले ४. तुमचा प्रतिसाद पाच मिनिटं आधी आला असता तर.

टिकटिक

लेसरला जोडून बघितलं नाहीत ना?

निळी_लहर

नाही नाही, फक्त स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर). लॅम्पही बंद आहे.

जुनाट_स्कोप

शाबास. तसंच करत जा. आधी स्कोपवर, मग लॅम्प, मग क्यू-स्विच, तोही चष्मा लावून.

स्कोपबद्दल एक. ट्रिगर सगळ्यात सावकाश चॅनलवर ठेवा, म्हणजे तुमच्या बाबतीत शटरवर. कॅमेऱ्याच्या ३० हर्ट्झवर ट्रिगर केलात तर लेसरचा पल्स कधी दिसेल, कधी नाही, आणि 'चॅनल अस्थिर आहे' असं वाटून तुम्ही भलत्याच गोष्टी बदलत बसाल. ट्रिगरचा मोडही ऑटो नको, नॉर्मल ठेवा. ऑटोत थोडा वेळ ट्रिगर आला नाही की स्कोप स्वतःच पुसून नवं काढतो, १ हर्ट्झला ते फार त्रास देतं. आणि पडद्यावर दोन-तीन पूर्ण फेऱ्या मावल्याशिवाय फ्रिक्वेन्सीच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

कंपासपेटी

मध्येच एक शंका. माझ्या फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या काउंटरवर अशाच एका चॅनलची फ्रिक्वेन्सी बरोब्बर दुप्पट दिसते. १०० लावलं की २००. भागाकार वगैरे काही नाही, साधा चॅनल. डबा चुकतोय का?

जुनाट_स्कोप

केबल किती लांब आणि शेवटी काय लावलंय?

कंपासपेटी

पाच मीटर. शेवटी थेट काउंटर, १ मेगाओहम.

जुनाट_स्कोप

मग डबा निर्दोष असावा. कोअॅक्स केबलमध्ये सिग्नलला मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. तुमच्या टोकाला ५० ओहम नाही, म्हणून कड तिथून परत फिरते, जाऊन-येऊन ५० नॅनोसेकंदांनी पुन्हा हजर. जनरेटरचा आउटपुट रोध नेमका ५० ओहम असता तर तो प्रतिध्वनी तिथेच विरला असता. टीटीएल आउटपुटला तो बऱ्याचदा तसा नसतो. मग सिग्नल वर-खाली हेलकावतो, काउंटरचा थ्रेशोल्ड (मोजणीची व्होल्टेज-मर्यादा) दोनदा ओलांडतो, आणि काउंटर प्रामाणिकपणे दोन मोजतो. शेवटी ५० ओहमचा टर्मिनेटर लावून बघा. आउटपुटची क्षमता तपासा मात्र, काहींना ५० ओहम झेपत नाही, व्होल्टेज पडतं.

कंपासपेटी

लावला. १०० आले. गेले तीन महिने मी सगळ्या नोंदी दोनाने भागतोय.

शून्यपूर्णांक

भागता येतं, गुणता येत नाही.

निळी_लहर

बरं, माझी प्रगती. टी-शून्यचा पीरियड ३३.३३३३३ मिलिसेकंद, यंत्र १० नॅनोसेकंदांच्या पायरीने घेतं. कॅमेरा साधा, लेसर १-२, शटर १-२९. पण पूर्ण आकडा नाही म्हणजे लेसर १०.०००००१ हर्ट्झ झाला. टिकटिक यांनी वर सांगितलेलं सरकणं इथे होणार नाही का?

टिकटिक

चांगला प्रश्न, पण नाही. तिथे दोन टायमर स्वतंत्र मोजत होते, प्रत्येकाने आपापली गोळाबेरीज केली. इथे गोळाबेरीज एकदाच झाली, ठोक्यापाशी. त्यानंतर लेसर ठोके मोजतो, वेळ नाही. ठोका थोडा लवकर पडला तर तिघांसाठीही लवकर पडला. गुणोत्तर कायम तीनास एक. लेसरला १०.०००००१ आणि १०मधला फरक कळतही नाही.

निळी_लहर

हुश्श. मग आता खरी अडचण. शटर उघडतं, आवाज ऐकू येतो. कॅमेरा चित्रं घेतो. लेसर उडतो, शटरच्या आधीच्या मीटरवर दिसतो. पण शटरच्या पलीकडे प्रकाश शून्य! एकही पल्स नाही. शटर आणि लेसर कधी भेटतच नाहीत. निदान अधूनमधून तरी भेटायला हवेत ना?

शून्यपूर्णांक

नाही, आणि इथेच गंमत आहे. ३०ला ३ने पूर्ण भाग जातो. लेसर ०, ३, ६, ९ या ठोक्यांवर. शटरने मोजायला १पासून सुरुवात केली असेल तर ते १, ३१, ६१ या ठोक्यांवर. यातला एकही आकडा तीनाच्या पाढ्यात नाही. जन्मात भेटणार नाहीत. पूर्ण भाग जाणाऱ्या गुणोत्तराचं असंच, जुळलं तर कायमचं जुळलं, चुकलं तर कायमचं चुकलं.

टिकटिक

शटरचा चॅनल नंतर चालू केलात का? म्हणजे लेसर-कॅमेरा धावत असताना?

निळी_लहर

हो. आवाज नको म्हणून शटर बंद ठेवलं होतं, सगळं ठीक दिसल्यावर ते सुरू केलं.

टिकटिक

सापडलं. प्रत्येक चॅनलचा काउंटर स्वतंत्र असतो. धावत्या गाडीत चॅनल चालू केला, किंवा 'चालू-बंद'चे आकडे बदलले, की त्याचा काउंटर त्या क्षणापासून शून्य. कोणत्या ठोक्यावर बसेल ते नशिबावर, तुमच्या बाबतीत तीनात एक संधी. यंत्र थांबवा. सगळे चॅनल चालू करून ठेवा. मग एकदाच रन दाबा, म्हणजे सगळे काउंटर एकाच ठोक्यापासून मोजतील. पुढे काहीही बदललं की पुन्हा थांबा, पुन्हा रन.

मेनूत 'वेट' नावाचा आणखी एक काउंटर असेल. सुरुवातीचे किती ठोके सोडून मग मोजायला लागायचं ते तो सांगतो. सगळ्यांचा शून्य आहे ना बघा. पुढे कधी दोन लेसर आलटून पालटून उडवायचे झाले तर तोच कामी येतो: दोघांना १-१, एकाला वेट ०, दुसऱ्याला १.

फेम्टो_फिरस्ता

आणि ठोका जुळला तरी डिले बघा. शटरला उघडायला ८ मिलिसेकंद लागतात म्हणालात. लेसरचा डिले शून्य असेल तर बंद दारावर धडकेल.

निळी_लहर

हे मात्र मी केलंय, थोडं तरी श्रेय द्या! शटर डिले ०, रुंदी ३०. लॅम्प १२ मिलिसेकंदांवर. क्यू-स्विच लॅम्पच्या पुढे १८० मायक्रोसेकंद, आमच्या लेसरची ऊर्जा तिथे सगळ्यात जास्त मिळते. कॅमेरा ११ मिलिसेकंदांवर, ३चं एक्स्पोजर, म्हणजे ११ ते १४. क्यू-स्विच १२.१८वर, बरोब्बर आत.

जुनाट_स्कोप

आकडे छान बसवलेत. एकच: क्यू-स्विचचा डिले टी-शून्यपासून मोजता की लॅम्पच्या चॅनलपासून? लॅम्पपासून ठेवा, म्हणजे पुढे लॅम्प हलवला तरी १८० तसाच राहील. पण संदर्भ लॅम्पचा दिला म्हणून भागाकारही आपोआप आला असं गृहीत धरू नका. क्यू-स्विचच्या चॅनललाही १-२ स्वतंत्र लिहा आणि दोन्ही स्कोपवर एकत्र बघा.

तिसरी_कला

कॅमेऱ्याबद्दल एक भर घालतो. एक्स्पोजर ३ असलं तरी चित्र वाचून बाहेर काढायलाही वेळ लागतो. दोन्ही मिळून ३३ मिलिसेकंदांच्या वर गेलं तर पुष्कळ कॅमेरे पुढचा ट्रिगर मुकाट्याने सोडून देतात आणि तुम्हाला ३०ऐवजी १५ चित्रं मिळतात. मग भागाकार बरोबर असूनही लेसर एक चित्र सोडून दिसतो. दहा सेकंद चालवून फाइली मोजा. ३०० हव्यात.

निळी_लहर

थांबवलं, वेट सगळे शून्य, शटर आधीच चालू, मग रन. पलीकडे प्रकाश आला! सेकंदाला एक, टक टक. क्यू-स्विचला १-२ लिहिलेलं नव्हतं, तो ३०ला धावत होता, म्हणजे लॅम्प नसतानाही दोनदा उघडत होता. ते दुरुस्त केलं. फाइली मोजल्या, ३००. त्यातल्या १०० लेसरच्या वेळच्या, आणि त्या शंभरातल्या १०मध्ये नमुना चमकतोय.

यंत्रावर एक चिठ्ठी चिकटवलीय: "आधी स्टॉप. मग आकडे. मग रन. तिसरा भाग म्हणजे १ आणि २." खाली माझं नाव नाही, पुढच्याला वाटू दे की मॅन्युअलमधलंच आहे.

अर्धवाहक

मी दरम्यान मेगावर एका टायमरवाला कोड लिहून बघितला. ३०, १०, १ तिन्ही जुळतात, तासभर चालवला, सरकले नाहीत. कडा चार-पाच मायक्रोसेकंद थरथरतात. शटरसाठी कुणाला हवा असेल तर इथे टाकतो.

टिकटिक

टाका. पाच ओळींचा झाला का?

अर्धवाहक

बासष्ट.